‘क्रिटिकॅलिटी स्कोअर’ देणारा ईईजी पट्टा: माझ्या डोक्याला लावला, केळीच्या खोडालाही लावला

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेले मोकळे. ईईजी म्हणजे डोक्याच्या बाहेरून मेंदूची वीज मोजणं, ते करणारा हा पट्टा. पट्टा म्हणून, म्हणजे नुसतं हार्डवेअर, साडेतीन स्टार. त्याच्यासोबत येणाऱ्या ॲपमधल्या ‘क्रिटिकॅलिटी स्कोअर’ला एक स्टार, तो पण रंग बरे निवडलेत म्हणून. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण असे पट्टे आता बऱ्याच जणांचे मिळतात आणि आतून सगळे भाऊबंदच आहेत, कपाळावर दोन सेन्सर, कानामागे दोन, ब्लूटूथ, आणि सेकंदाला २५६ वेळा मोजणार. मला २५ हजारांच्या आसपास पडला, वर ॲपचं सबस्क्रिप्शन वेगळं, ते बॉक्सवर बारीक अक्षरात.

मी जळगावात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे झोप सुधारते का, टेन्शन जातं का असलं काही मला विचारू नका. मी घेतला तो जाहिरातीतल्या एका वाक्यापायी, की म्हणे हा पट्टा तुमच्या कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, किती ‘सिंक’मध्ये चालतात आणि मेंदू ‘क्रिटिकल पॉइंट’च्या किती जवळ आहे ते १०० पैकी मार्कात सांगतो. हे वाचल्यावर मी म्हटलं भो, हे जर खरं असेल तर २५ हजार म्हणजे फुकट आहे, कारण ज्या गोष्टीवर गेली वीसेक वर्षं लोक पेपरवर पेपर लिहून भांडतायत ती गोष्ट हा पट्टा नेरी नाक्याजवळच्या माझ्या गच्चीवर बसून सांगणार.

आता ती गोष्ट काय आहे ते जरा नीट सांगावं लागेल, नाहीतर स्कोअरवर मी का वैतागलोय ते कळणार नाही.

२००३ साली जॉन बेग्ज आणि डीटमार प्लेंझ या दोघांनी अमेरिकेत उंदराच्या कॉर्टेक्सचे पातळ काप घेतले, ते ६० इलेक्ट्रोडच्या जाळीवर ठेवले, दोन इलेक्ट्रोडमध्ये अंतर २०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग, आणि नुसतं बघत बसले. बाहेरून काही टोचलं नाही, दाखवलं नाही. तो तुकडा आपला आपणच मधूनमधून जागा होतो, एका इलेक्ट्रोडवर उसळी दिसते, पुढच्या ४ मिलिसेकंदात अजून दोघांवर, मग अजून कुठे, आणि मग परत सगळं गप्प. एका शांततेपासून दुसऱ्या शांततेपर्यंत जेवढे इलेक्ट्रोड पेटले तेवढा त्या अव्हलांचचा, म्हणजे बर्फाचा कडा कोसळावा तशा एकामागून एक पेटत गेलेल्या साखळीचा, आकार. असे ढीगभर अव्हलांच मोजून कोणत्या आकाराचे किती झाले याचा लॉग-लॉग ग्राफ (दोन्ही अक्षांवर प्रत्येक पायरी दहापटीची) काढला तर सरळ रेघ आली, उतार वजा दीड. म्हणजे दहापट मोठा अव्हलांच साधारण ३२ पट दुर्मिळ, आणि हाच हिशोब छोट्यांपासून मोठ्यांपर्यंत लागू. अव्हलांच किती वेळ टिकतो त्याचा उतार वजा दोनच्या आसपास, म्हणजे दहापट लांबलेला शंभरपट दुर्मिळ.

यात ‘नेहमीचा’ आकार असा काही नाही हीच तर मजा आहे. माणसांची उंची मोजली तर एक सरासरी निघते आणि बहुतेक लोक तिच्याजवळ सापडतात, इथे तसं नाही, बारकेच जास्त पण महाकाय पण अगदीच नाहीत असं नाही, आणि कुठलाही एक आकार ‘हा नॉर्मल’ म्हणून बोट ठेवता येत नाही. स्केलिंग म्हणतात ते हे. आणि ती रेघ एका ठिकाणी तुटते, मोठ्या आकारांना ग्राफ धपकन खाली येतो, पण ती तुटायची जागा इलेक्ट्रोडच्या संख्येबरोबर सरकते. जाळीतले कमी इलेक्ट्रोड घेतले तर लवकर तुटते, जास्त घेतले तर उशिरा. म्हणजे तुटणं हे आपल्या जाळीच्या मापामुळे, कॉर्टेक्समुळे नाही. हे लक्षात ठेवा, पुढे पट्ट्याच्या चार सेन्सरांवर हेच शेकणार आहे.

दुसरा आकडा म्हणजे ब्रांचिंग पॅरामीटर, एक पेटला की त्याच्यामुळे पुढे सरासरी किती पेटतात तो. गावात एखादी बातमी सुटली आणि ऐकणारा प्रत्येक जण सरासरी एकापेक्षा कमी जणांना सांगत असेल तर बातमी चावडीवरच मरते, एकापेक्षा जास्त जणांना सांगत असेल तर संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला माहिती, आणि बरोबर एक असेल तर काही बातम्या दोन घरांत संपतात, काही पार जिल्हाभर जातात, आधी सांगताच येत नाही. कॉर्टेक्सच्या कापात हा आकडा एकच्या जवळ आला. यालाच क्रिटिकल म्हणायचं. वाळूच्या ढिगाचं मॉडेल घेऊन बाक, टँग आणि वीझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये जे मांडलं होतं, की काही सिस्टिम्स कोणी बटण न फिरवता स्वतःच अशा काठावर जाऊन बसतात, ते इथे जिवंत पेशींमध्ये दिसल्यासारखं झालं. आणि काठावर बसण्याचा फायदा पण आहे. २००९ मध्ये प्लेंझच्याच ग्रुपने (यात राजर्षी रॉय पण होते) दाखवलं की कॉर्टेक्सचं जाळं या अवस्थेत असतं तेव्हा बारीकात बारीक ते मोठ्यात मोठ्या इशाऱ्यातला फरक ओळखायची रेंज सगळ्यात जास्त असते. न्यूरॉनला आवरणारी जी गाबाची सिस्टिम आहे ती पिक्रोटॉक्सिन नावाचं रसायन टाकून बंद केली तर रेघ मोडते, मधले आकार गायब, एकतर बारके नाहीतर सगळी जाळी एकदम पेटवणारे. म्हणजे सिंक जास्त म्हणजे चांगलं असं अजिबात नाही. सगळे न्यूरॉन एकदम सिंकमध्ये आले की त्याला आपण फिट म्हणतो.

आणि ॲप काय करतं माहितीये का, सिंक जास्त तर मार्क जास्त! हिरवा गोल मोठा होत जातो. इथेच माझा पहिला स्टार गेला.

दुसरा गेला तो चार सेन्सरांमुळे. अहो ६० इलेक्ट्रोड असताना पण आकाराची रेघ साधारण साठाच्या आसपास तुटते, म्हणजे १ ते ६०, दोन दशकं (ग्राफवरची, एक दशक म्हणजे दहापट) पण पूर्ण भरत नाहीत. इथे चार. एकच सेन्सर पुन्हा पेटला तर तो परत मोजून आकडा वाढवता येतो, पण तरी त्यावर ‘तुमचा मेंदू पॉवर लॉ पाळतो’ (लॉग-लॉगवरच्या त्या सरळ रेघेचंच नाव पॉवर लॉ) म्हणणं म्हणजे धाडस आहे. टायमिंग मात्र गंमत म्हणून जुळतं, २५६ चा एक सँपल ३.९ मिलिसेकंदाचा, बेग्ज-प्लेंझचा खिडकीचा आकार ४, पण जुळलं म्हणून काय झालं, तिथे इलेक्ट्रोड थेट पेशींना चिकटलेला, इथे मध्ये मेंदूवरचं पाणी, कवटी, कातडी, आणि माझ्यासारख्याचा घाम. कवटीच्या बाहेरून एक सेन्सर कॉर्टेक्सचा काही चौरस सेंटीमीटर भाग एकत्र ऐकतो आणि शेजारचे दोन सेन्सर तोच आवाज ऐकून ‘आम्ही सिंकमध्ये’ म्हणतात. माणसात हे मोजता येतच नाही असं नाही म्हणत मी. २०१३ मध्ये श्रीकी आणि मंडळींनी १२४ निरोगी लोकांच्या एमईजीमध्ये, तेच ते नुसतं बसून राहिलेल्या माणसाच्या मेंदूचं चुंबकीय रेकॉर्डिंग, अव्हलांच मोजले आणि उतार वजा दीडच्या जवळच आला. पण त्या मशीनला शेकड्याने सेन्सर असतात आणि वेगळी शिल्ड केलेली खोली लागते. आमच्याकडे खोलीत कूलर.

कूलरचं पण सांगतो. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ ला जातो हे सगळ्यांना माहितीये, कूलर बंद केला तर कपाळावरून घाम येतो आणि सिग्नल हळूहळू वरखाली तरंगायला लागतो, चालू केला तर मोटारीचा ५० हर्ट्झ आत घुसतो. ॲपमध्ये फिल्टर निवडायचा असतो, आलेला असतो तो ६० हर्ट्झवर सेट, कारण बनवणाऱ्यांच्या देशात मेन्स ६० ची. ते सेटिंग तीन मेनू आत लपवलंय. त्यामुळे मी रेकॉर्डिंग करायचो ते लाइट गेल्यावर, गच्चीवर, पहाटे. महावितरणचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. सेन्सरला जरा मिठाचं पाणी लावा, कोरड्या कपाळावर कॉन्टॅक्ट धड येत नाही, आणि कानामागे खोबरेल असेल तर पुसून घ्या.

आता खोडाची गोष्ट. चोपड्याकडे मावसभावाची केळी आहे, तिकडे गेलो होतो, पट्टा बॅगेत होता. मनात आलं की जो आकडा माझ्या डोक्यातून येतो तो डोकं नसलेल्याकडून किती येतो बघू. केळीचं खोड ओलंगच्च असतं, गोल असतं, वीज थोडीफार वाहते, म्हटलं याच्याइतकं चांगलं डोकं नाही. पट्टा आवळून बसवला. मावसभाऊ बांधावरून ओरडला, “तुनं डोकं फिरी गयं का रे भो, केयले काय मशीन लाई ऱ्हायना?” ॲपने आधी ‘रिलॅक्स व्हा’ म्हटलं, मग मोजलं, आणि खोडाला माझ्यापेक्षा जास्त स्कोअर दिला. खाली मेसेज, ‘तुम्ही फ्लो स्टेटमध्ये आहात’. मावसभाऊ म्हणे मंग बरोबर शे, ठिबक चालू शे.

हसण्यावारी न्यायला नको, कारण हे होणार हे माहिती असायला हवं होतं, मला नाही, कंपनीला. २०१० मध्ये फ्रान्समधल्या तुबूल आणि देस्तेक्स यांनी नेमकं हेच दाखवून दिलं होतं. नुसता यादृच्छिक गोंगाट घ्या, त्यावर एक थ्रेशोल्डची रेघ मारा, रेघेपलीकडच्या उसळ्या मोजा, लॉग-लॉगवर टाका, बऱ्यापैकी सरळ रेघ मिळते, मेंदू असो नसो. अजून एक भारी गोष्ट त्यांनी केली. मांजराच्या कॉर्टेक्समधल्या रेकॉर्डिंगमध्ये खालच्या बाजूच्या उसळ्या खरोखर न्यूरॉन पेटण्याशी बांधलेल्या असतात, वरच्या बाजूच्या नसतात, तरी दोन्ही बाजूंनी मोजल्यावर तशीच रेघ आली. म्हणजे रेघ दिसली म्हणून आत न्यूरॉनचा अव्हलांच आहे असं धरता येत नाही. मी माझ्या डेटावर वरच्या आणि खालच्या बाजूने वेगवेगळं काढलं, दोन्ही ग्राफ एकमेकांवर ठेवले तर कोणता कुठला ओळखू येईना. खोडाचा पण तिसरा त्यांच्याच शेजारी.

इथे एका फुकटच्या गोष्टीचा रिव्ह्यू मध्येच घुसवतो कारण ती पैशाच्या वस्तूपेक्षा चांगली निघाली. ‘पॉवरलॉ’ नावाचं पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं पॅकेज आहे, ॲल्स्टॉट, बुलमोर आणि प्लेंझ (तोच) यांनी २०१४ मध्ये पेपरसकट दिलेलं. पाच स्टार. पट्टी लावून डोळ्याने उतार काढायची आपल्याला कॉलेजपासून खोड आहे, हे पॅकेज ती मोडतं. क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांनी २००९ मध्ये सांगितलेली पद्धत आत आहे, तुमच्या आकड्यांना पॉवर लॉ जास्त बसतो की लॉगनॉर्मल की एक्स्पोनेन्शियल (हे वाटणीचे दुसरे प्रकार) हे एकमेकांसमोर उभं करून विचारतं, आणि बऱ्याचदा उत्तर येतं की एवढ्या डेटावरून ठरवता येत नाही. माझं तेच आलं. खोडाचं पण तेच आलं. हे उत्तर ॲपमध्ये कुठेच नाहीये, ॲपला कायम मार्क द्यायचेच असतात.

मग प्रश्न असा की खऱ्या कॉर्टेक्समध्ये तरी हे आहे का नाही. माझं मत, आहे, पण जाहिरातीइतकं गुळगुळीत नाही. २००९ मध्ये जाग्या माकडांमध्ये अव्हलांच दिसले, म्हणजे फक्त बशीतल्या कापाची करामत नव्हती. कापांमध्येच उसळ्यांच्या वेळा आपापसांत विस्कटून टाकल्या की ग्राफची लांब शेपटी, म्हणजे मोठे अव्हलांच, जाते, म्हणजे ती शेपटी सगळ्यांच्या एकत्र पेटण्यामुळेच होती. दुसऱ्या बाजूला विल्टिंग आणि प्रीझेमान यांनी २०१८ मध्ये उंदीर, मांजर, माकड यांच्या जिवंत मेंदूतला ब्रांचिंगचा आकडा काढला तो साधारण ०.९८, बरोबर एक नाही, जरा अलीकडे. मला हेच पटतं, अगदी काठावर पाय सोडून बसण्यापेक्षा हातभर आत बसलेलं बरं, फिटची भीती कमी आणि फायदा जवळपास तेवढाच. आणि नुसता आकाराचा उतार जुळून चालत नाही, टिकण्याच्या वेळेचा उतार आणि आकार-वेळ यांचं नातं, तिन्ही आकडे एकमेकांशी जुळायला लागतात. दीड आणि दोन घेतले तर तिसरा दोन यायला पाहिजे असं गणित सांगतं, पण २०१९ मध्ये फॉन्तेनेले आणि मंडळींनी भूल दिलेल्या उंदरांत वगैरे मोजलं तेव्हा तो १.२८ च्या आसपास निघाला. तिन्ही आकडे आपसात जुळत होते, पण बातमी पसरण्यासारख्या सोप्या ब्रांचिंग मॉडेलशी नाही. म्हणजे काठ असला तरी कोणता काठ यावर अजून वाद आहे. ज्याला वाद आवडतात त्याने हे वाचावं, ज्याला हिरवा गोल आवडतो त्याने ॲप बघावं.

एवढं बोलून साडेतीन स्टार कशाचे? तर हार्डवेअर खरंच बरं आहे. डोळे मिटले की सेकंदाला आठ ते तेरा हेलकाव्यांची अल्फा लहर येते, उघडले की जाते, हे माणसाचा ईईजी पहिल्यांदा काढणाऱ्या हान्स बर्गर यांनी १९२९ च्या सुमारास छापलं होतं आणि या पट्ट्याच्या कानामागच्या सेन्सरवर ते स्वच्छ दिसतं. वर्गात दाखवलं तर पोरं अक्षरशः बेंचवरून उठून पुढे आली, एकाने तर गणिताचा पाढा म्हणत डोळे मिटून बघितलं आणि लहर कमी झाली की काय यावर वर्गात दोन पार्ट्या पडल्या. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी याच्यापेक्षा स्वस्तात असं काही मला तरी मिळालेलं नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी कंपनीने स्वतः करायला हवी होती. कॉर्टेक्समधलं स्केलिंग बघायला अव्हलांच हा एकच रस्ता नाही. २००१ मध्ये लिंकनकेअर-हान्सन आणि मंडळींनी अल्फा लहरीचीच उंची घेतली, ती कधी फुगते कधी ओसरते, आणि दाखवलं की हे चढउतार विस्कळीत नाहीत, आत्ताच्या फुगवट्याची आठवण पुढे कित्येक सेकंद, मिनिटं राहते, आणि ती आठवण पॉवर लॉनेच कमी होत जाते. यासाठी साठ इलेक्ट्रोड लागत नाहीत, एक धड सेन्सर आणि लांब रेकॉर्डिंग पुरतं, कारण इथे पसरणं जागेत नाही, वेळेत मोजतोय. अल्फा लहरीत लाखो न्यूरॉनचं एकत्र हलणं आधीच बेरीज होऊन आलेलं असतं. पद्धतीचं नाव डीएफए, खिडकी लहान-मोठी करत चढउतार मोजायचे आणि उतार काढायचा. ०.५ आला तर आठवण शून्य, नुसता गोंगाट, त्याच्यावर १ पर्यंत आला तर आठवण आहे.

रॉ डेटा बाहेर काढून (त्यासाठी अजून एक वेगळं ॲप, ते पण पैसे देऊन, यासाठी अर्धा स्टार कापलाय) डोळे मिटून शांत बसल्याची पहाटेची रेकॉर्डिंग लावली तर माझा आकडा ०.७ च्या जवळपास येतो, रोज थोडा इकडेतिकडे. खोडाचा ०.५ ला चिकटून. बस्, याच्यासाठी पट्टा घेतल्याचं समाधान झालं. कंपनीचा स्कोअर ज्या दोघांत फरक करू शकला नाही तो फरक त्याच पट्ट्याच्या डेटातून निघतो, फक्त प्रश्न बरोबर विचारावा लागतो, आणि हे सगळं विद्यार्थ्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

बाकीचे किरकोळ मुद्दे. बॅटरी चांगली टिकते. कानामागचं रबर उन्हात ठेवलं तर चिकट होतं, गाडीच्या डॅशबोर्डवर अजिबात ठेवू नका. लहान डोक्याला, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोराला, पट्टा सैल पडतो. कस्टमर केअरला खोडाचा स्क्रीनशॉट पाठवला होता, उत्तर आलं की उपकरण मानवी वापरासाठी आहे, कृपया सेन्सर स्वच्छ करून पुन्हा प्रयत्न करा. आधीच मिरगी किंवा अजून काही त्रास असेल तर या स्कोअरवरून काही ठरवू नका, धुळे-जळगावात न्यूरॉलॉजिस्टकडे वीसेक इलेक्ट्रोड लावून होतो तो ईईजी वेगळा आणि तो वाचणारा माणूस पण वेगळा.

घेणारच असाल तर सबस्क्रिप्शन न घेता घ्या, नुसता पट्टा मिळतो, जरा शोधावं लागतं. पहिल्या महिन्याचं फुकट ट्रायल घेतलंत तर ऑटो-पे त्याच दिवशी बंद करा, आणि सेटिंगमध्ये ‘रिसर्चसाठी डेटा शेअर’ हे बटण आलेलंच चालू असतं, ते आपल्या हाताने बंद करावं लागतं, ‘प्रोफाइल’मध्ये नाही, ‘डिव्हाइस’च्या आत सगळ्यात खाली.